थांबण्याची किंमत

लासलगावचा कांद्याचा भाव रोज तीन आकड्यांत बाहेर पडतो : किमान, कमाल आणि सरासरी. लिलाव संपायच्या आत हे आकडे नाशिक जिल्ह्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागतात. पारावर चर्चा होते ती कमाल भावाची. तो दिवसभरात एखाद-दोन ट्रॉल्यांनाच मिळालेला असतो, आणि त्या ट्रॉल्या कोणाच्या होत्या हे शोधण्यात अर्धी संध्याकाळ जाते. घरखर्चाचा हिशेब चालतो सरासरीवर. ज्याच्या मालात जोड कांदा, गोल्टी नि कोंब आलेला माल जास्त, त्याच्या वाट्याला किमान येतो, पण त्याबद्दल पारावर कोणी बोलत नाही.

जगात सर्वांत जास्त कांदा पिकवणारे दोन देश म्हणजे भारत आणि चीन. भारतात वर्षाला अडीच ते तीन कोटी टन कांदा होतो आणि त्यातला एक तृतीयांशाहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. नाशिक जिल्हा त्याचे मुख्य आगर. शिवाय अहिल्यानगर, पुणे, सोलापूर आणि धुळे हे जिल्हेही आहेत. निफाड तालुक्यातली लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. ‘आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ’ ही बिरुदावली ती मिरवते, आणि शेजारच्या पिंपळगाव बसवंतकरांना ती फारशी मान्य नसते. या दोन गावांत सकाळी कांदा ज्या भावाने जातो, त्यावर दिल्ली, कोलकाता आणि ढाक्यातले व्यापारी आपापला भाव बेततात.

कांदा एकच दिसला तरी शेतकऱ्याच्या लेखी ती तीन पिके आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला पोळ कांदा दसरा-दिवाळीपासून बाजारात येऊ लागतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेला रांगडा जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. या दोन्हींना बाजारात ‘लाल कांदा’ म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत लावलेला उन्हाळ कांदा मार्चअखेर ते मेपर्यंत शेतातून निघतो. लाल कांद्यात पाणी जास्त आणि मान जाड. तो टिकत नाही, काढला की काही दिवसांतच विकून मोकळे व्हावे लागते. उन्हाळ कांदा मात्र चार-सहा महिने तग धरतो. देशाच्या वर्षभराच्या उत्पादनात त्याचा वाटा साठ ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान असतो. जूनपासून दिवाळीपर्यंत आपल्या भाजीत पडणारा जवळपास सगळा कांदा हा एप्रिल-मेमध्ये काढून ठेवलेला असतो, आणि तो ठेवलेला असतो मुख्यतः शेतकऱ्याच्या वस्तीशेजारच्या चाळीत.

ही चाळ शेती अवजारांच्या कोणत्याही प्रदर्शनात मांडलेली दिसत नाही. तिथे मंडप असतो ट्रॅक्टरचा. भारत संख्येच्या हिशेबाने जगातली सर्वांत मोठी ट्रॅक्टर बाजारपेठ आहे. अलीकडे चांगल्या पावसाच्या वर्षात देशात नऊ लाखांहून अधिक नवे ट्रॅक्टर विकले जातात. आणि हे त्या देशात, जिथे सरासरी जमीनधारणा जेमतेम एक हेक्टर आहे. महाराष्ट्रात ती थोडी जास्त, १.३४ हेक्टर (२०१५-१६ची कृषिगणना). एवढ्याशा जमिनीवर स्वतःचा ट्रॅक्टर परवडत नाही हे गणित बँकेलाही कळते आणि घेणाऱ्यालाही. म्हणून घेणारा तो भावकीत, गावात भाड्याने फिरवतो आणि हप्ते फेडतो. नांगरट, रोटाव्हेटर, सरी पाडणे किंवा गादीवाफे ओढणे ही सगळी कामे आता एकरी दराने होतात. कांद्यासाठी जमीन तयार करायला बैलजोडी लावलेली क्वचितच दिसते.

पण यंत्राची धाव तिथेच संपते. वाफा तयार झाला की पुढचे काम हातांचे. शिफारशीप्रमाणे दोन ओळींत पंधरा सेंटिमीटर आणि दोन रोपांत दहा सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एका एकरात अडीच लाखांहून जास्त रोपे बसतात. त्यातले प्रत्येक रोप कोणीतरी वाकून, बोटाने मातीत खोचलेले असते. ‘कोणीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा बायका. आठ-दहा जणींची टोळी, उक्ते ठरलेले काम. उळे टाकून सात-आठ आठवड्यांची झालेली रोपे उपटायची, शेंडे खुडायचे, मुठी बांधायच्या आणि ओल्या वाफ्यात उतरायचे. डिसेंबर-जानेवारीत द्राक्षांच्या कामालाही मजूर लागतात, त्यामुळे निफाड-दिंडोरीत या दिवसांत टोळी मिळवण्यासाठी अक्षरशः विनवण्या चालतात. पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांना आणायला जीप जाते, त्यांच्या राहण्याची सोय होते, उचल दिली जाते. मग काढणीला पुन्हा तेच. कांदा उपटायचा, पातीखाली झाकून शेतात सुकू द्यायचा आणि बोटभर नळी ठेवून विळ्याने पात कापायची. नळी फार जवळून कापली की तिथूनच सड शिरते, त्यामुळे घाई करणारी टोळी स्वस्त असूनही महाग पडते.

हॉलंड-अमेरिकेत कांद्याचे बी यंत्राने थेट शेतात पेरतात आणि यंत्रानेच कांदा काढतात. आपल्याकडेही पेरणी यंत्रे आली आहेत, ट्रॅक्टरला जोडायची काढणी यंत्रेही मिळतात, आणि काही शेतकरी पेरणीचा कांदा घेतात. तरी लावणीचाच कांदा अजून भरवशाचा मानला जातो. पेरलेल्या कांद्यात तणांचा बंदोबस्त अवघड, विरळणी करावी लागते आणि बी महाग असलेल्या वर्षी उगवण कमी झाली तर सगळेच मुसळ केरात. नव्या अवजाराविषयीचा हा सावधपणा जुनाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे तोच नांगर घरोघरी गेला. तेव्हा शेतकऱ्याला अडाणी ठरवणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की नवा नांगर फसला तर बनवणाऱ्याचे एक गिऱ्हाईक जाते, वापरणाऱ्याचे वर्ष जाते.

आता चाळ. दुरून पाहिले तर लांबट, हवेशीर, बांबूच्या तट्ट्यांची शेड, एवढेच दिसते. तिच्या प्रत्येक मापाला कारण आहे. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, त्यात फटी ठेवलेल्या, म्हणजे हवा खालून वर जाते. कप्प्याची रुंदी चार फुटांच्या आसपास आणि ढिगाची उंची साधारण तेवढीच, फार तर पाच फूट. याहून मोठा ढीग केला की मधला कांदा तापतो. काढलेला कांदा जिवंतच असतो. तो श्वास घेतो, उष्णता आणि वाफ बाहेर टाकतो, आणि ती निघून गेली नाही तर आतून सडतो. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर बांधायची, दोन पाखी पूर्व-पश्चिम, म्हणजे वारा आणि ऊन हवे तसे मिळते. वर कौले किंवा सिमेंटचे पत्रे बरे. टिनाचे पत्रे स्वस्त पडतात, पण मेच्या उन्हात ते खालच्या कांद्याला भाजून काढतात.

एवढे करूनही कांदा घटतोच. मे-जूनमध्ये पाणी उडून वजन कमी होते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सड आणि काजळी येते. सप्टेंबरनंतर गारवा वाढला की कोंब फुटू लागतात. साधारण चाळीत चार ते सहा महिन्यांत तीस-चाळीस टक्के घट धरूनच चालावे लागते. समजा, एप्रिलमध्ये क्विंटलला हजार रुपये भाव आहे आणि शेतकऱ्याने शंभर क्विंटल चाळीत भरला. त्या दिवशी विकला असता तर लाख रुपये हातात आले असते. सप्टेंबरात तीस टक्के घट जाऊन सत्तर क्विंटल उरला. तेच लाख रुपये मिळवायला त्याला चौदाशे तीस रुपये भाव लागतो. यात चाळ भरायची मजुरी, सडका कांदा निवडायची मजुरी आणि पाच महिने अडकलेल्या पैशावरचे व्याज अजून धरलेले नाही. चाळ म्हणजे एक पैज आहे, आणि तिचे हे गणित नाशिकच्या कुठल्याही शेतकऱ्याला कागदाशिवाय येते.

तरीही तो ही पैज घेतो, कारण एरवी त्याच्या हाती काही नसते. स्वतःची किंवा भाड्याची ट्रॉली असली तर त्याला जागा निवडता येते : लासलगाव, विंचूर, पिंपळगाव, चांदवड, उमराणे, जिथे भाव बरा असेल तिथे. चाळ असली तर वेळ निवडता येते. आज नको, पुढच्या महिन्यात बघू, असे म्हणण्याची सोय कांदा उत्पादकाला फक्त चाळ देते. माझ्या मते कांद्याच्या शेतीतले सर्वांत मोलाचे अवजार हेच आहे, ट्रॅक्टरचा नंबर त्यानंतर.

बाजारात ही सोय किती लवकर संपते, ते पाहण्यासारखे आहे. नाशिककडे कांदा मोकळाच विकला जातो, गोण्यांत भरून नाही. पहाटेपासून ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप आवारात रांगेने उभ्या राहतात. प्रत्येक वाहन म्हणजे एक नग. लिलाव पुकारणारा आणि त्याच्याबरोबर व्यापाऱ्यांचा घोळका एकेका नगापाशी येतो. कोणी दोन कांदे उचलतो, अंगठ्याने मान दाबून पाहतो, पापुद्रा चोळून रंग बघतो. बोली चढते, थांबते, चिठ्ठीवर भाव आणि व्यापाऱ्याचे नाव लिहिले जाते आणि घोळका पुढे सरकतो. चार महिने जपलेल्या मालाचा निकाल एवढ्या वेळात लागतो. भाव पटला नाही तर शेतकरी ट्रॉली परत नेऊ शकतो, कायद्याने त्याला पूर्ण मुभा आहे. पण डिझेल जळालेले असते, दिवस मोडलेला असतो आणि उद्या भाव चढेल याची हमी कोणी दिलेली नसते.

चिठ्ठी मिळाल्यावरही काम संपत नाही. ट्रॉली भुईकाट्यावर भरलेली तोलायची, व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी करायची, मग रिकामी तोलायची. खळ्यावर कांदा ओतला जात असताना खालचा माल वरच्यापेक्षा हलका निघाला, तर व्यापारी वांधा काढतो आणि ठरलेल्या भावातून कापू पाहतो. कधी त्याचे म्हणणे खरे असते, कारण चांगला कांदा वर लावायची कला शेतकऱ्यालाही येते. कधी ते सोयीचे निमित्त असते, विशेषतः सकाळच्या लिलावानंतर दुपारी भाव उतरला असेल तेव्हा. भांडण मिटवायला समितीचा माणूस बोलवावा लागतो. रिकाम्या होत आलेल्या ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या माणसाची घासाघीस करायची ताकद किती, याचा अंदाज कोणालाही यावा.

खरेदीदार किती, हा दुसरा प्रश्न. बाजार समितीकडे परवानाधारक व्यापाऱ्यांची यादी लांबलचक असते, पण मोठी खरेदी मोजक्या हातांत असते. स्पर्धा आयोगासाठी २०१२मध्ये झालेल्या अभ्यासातही नाशिककडच्या बाजारांविषयी हेच दिसले होते : थोड्या व्यापाऱ्यांकडे मोठा वाटा आणि नव्याला शिरकाव अवघड. २०१६मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले, त्याचा फायदा झाला. हमाली-तोलाईच्या कपातीवरून मात्र वाद अजून मिटलेले नाहीत. या कपाती भाव चांगला असताना जाणवत नाहीत. भाव पडला की काय होते, ते फेब्रुवारी २०२३मध्ये सोलापूरच्या बाजारात दिसले. एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा आणला, किलोला एक रुपया भाव मिळाला. वाहतूक, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे कापले गेले. त्याला धनादेश मिळाला दोन रुपयांचा.

त्याच वर्षी पुढे जे घडले, ते जरा सविस्तर पाहायला हवे. पडलेल्या भावावर उतारा म्हणून राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले. उन्हाळ कांदा चाळीत गेला. ऑगस्टमध्ये भाव जरा सावरू लागला, म्हणजे पैजेचा निकाल लागायची वेळ आली, आणि १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले. शेतकरी रस्त्यावर आले, सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, चाळीतला कांदा मात्र घटतच राहिला. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले. त्यानेही भागेना तेव्हा ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद. आता डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. तो चाळीत ठेवता येत नाही, त्याच्या मालकाला थांबण्याची सोयच नसते. ऑगस्टचे शुल्क थांबलेल्याला बसले, डिसेंबरची बंदी थांबू न शकणाऱ्याला. निर्यात पुन्हा खुली झाली ती ४ मे २०२४ला, लोकसभेच्या निवडणुका चालू असताना, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्याची अट ठेवून. सप्टेंबरात शुल्क निम्मे झाले आणि १ एप्रिल २०२५पासून शून्य.

सरकारला कांद्याची एवढी धास्ती का, याचे उत्तर जुने आहे. १९८०च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याची महागाई हा प्रचाराचा मुद्दा होता आणि १९९८मध्ये दिल्ली राज्यातले सरकार जाण्यात कांद्याच्या भावाचा वाटा होता. कांदा महाग झाला म्हणून माणूस तो खाणे फारसे कमी करत नाही, आणि स्वस्त झाला म्हणून दुप्पट खात नाही. त्यामुळे आवक दहा टक्क्यांनी घटली तरी भाव कितीतरी पटींनी उसळतो आणि तेवढीच वाढली तर कोसळतो. डिसेंबर २०१९मध्ये शहरांत कांदा शंभरीपार गेला, तेव्हा तुर्कस्तान आणि इजिप्तहून कांदा आणावा लागला होता. शहरातला मतदार त्या आठवड्यात ओरडतो. शेतकऱ्याचे नुकसान मात्र हंगामभर हळूहळू होते, त्याची बातमी व्हायला दोन रुपयांचा धनादेश लागतो. हा असमतोल पहिल्यांदा जोरात मांडला तो शरद जोशींनी. संयुक्त राष्ट्रांच्या टपालविषयक संस्थेतली नोकरी सोडून ते चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करायला आले, आणि शेतकरी संघटनेची पहिली आंदोलने चाकणच्या कांद्यावरूनच पेटली. भाव पडतो तो निसर्गामुळे कमी आणि धोरणामुळे जास्त, हे त्यांचे म्हणणे होते. १९८०च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात रस्ते अडले ते कांदा आणि उसाच्या भावासाठी. २०२४मध्ये पारडे जरा वेगळ्या बाजूला झुकले : लोकसभेला दिंडोरीतून तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या, आणि कारणे बरीच असली तरी निर्यातबंदी त्यात नव्हती असे त्या भागातला कोणी म्हणणार नाही.

सरकार नुसती बंदी घालते असेही नाही. भाव स्थिरीकरण निधीतून नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था उन्हाळ कांदा विकत घेऊन साठवतात. २०२३मध्ये हा साठा पाच लाख टनांपर्यंत नेण्याचे ठरले होते. एप्रिल-मेच्या पडत्या भावात ही खरेदी आधार देऊ शकते. पण साठा बाहेर काढला जातो तो नेमका चाळवाल्याची विकायची वेळ येते तेव्हा. ऑक्टोबर २०२४मध्ये तर दिवाळीच्या तोंडावर १,६०० टन कांदा भरून ‘कांदा एक्स्प्रेस’ लासलगावहून दिल्लीला गेली. दिल्लीकरांना तो किलोला ३५ रुपयांनी मिळाला. नाशिककरांनी ती गाडी जाताना पाहिली.

तंत्रज्ञानातून काही सुटेल का? लासलगावातच भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००३पासून आहे. कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांचा अगदी थोडा मारा केला की कांद्याला कोंब फुटत नाहीत. मात्र सड थांबत नाही आणि वजनही घटतेच, त्यामुळे विकिरणानंतर शीतगृह हवेच, आणि तो खर्च कांद्याच्या भावाला सोसत नाही. कांद्यासाठी बांधलेले हे केंद्र गाजले ते हापूसमुळे : २००७मध्ये अमेरिकेला पुन्हा आंबा जाऊ लागला, तो इथे विकिरण करून. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने भीमा शक्ती, भीमा किरण असे वाण दिले आणि चाळीचे सुधारित आराखडेही दिले. या वाणांमुळे आणि आराखड्यांमुळे घट काही टक्क्यांनी कमी होते, आणि ते थोडे नाही. वरच्या उदाहरणात तीसऐवजी वीस टक्के घट धरली, तर चौदाशे तीसचा आकडा साडेबाराशेवर येतो.

पण दिल्लीहून एका रात्रीत निघणारी अधिसूचना कोणत्याही आराखड्यात धरता येत नाही. चाळ बांधायला अनुदान सरकारच देते, आणि ती चाळ भरलेली असताना निर्यात रोखणारेही सरकारच. शिवाय दरवेळी बंदी आली की बांगलादेशसारखे हक्काचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळते किंवा स्वतःचे पीक वाढवते, आणि बंदी उठल्यावर पूर्वीइतके परत येत नाही.

उन्हाळ कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत होते. येत्या हंगामात निर्यातीवर किती शुल्क असेल, नाफेड किती खरेदी करेल आणि तो साठा कोणत्या भावाच्या वर गेल्याशिवाय बाजारात आणणार नाही, हे नोव्हेंबरात जाहीर करावे आणि पुढच्या दिवाळीपर्यंत बदलू नये. यासाठी ना नवे यंत्र लागते ना नवी योजना. कांदा उत्पादकांच्या संघटनांनी हमीभावाच्याही आधी हीच मागणी लावून धरायला हवी.